चेतकच्या हेडमधला कार्बन घरच्या घरी काढूया, पण ओरखडा न उठवता

(स्कूटर मागे उभी. जमिनीवर जुनी सोलापुरी चादर अंथरलेली, तिच्यावर पाने मांडलेले.)

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती आमच्या वडिलांची बजाज चेतक. टू-स्ट्रोक, दीडशे सीसीची. परवा तुळजापूरचा घाट चढताना हिला तिसरा गिअर ओढेना, दुसऱ्यावर आणावी लागली. घरी येऊन स्विच बंद केला, तरी इंजिन तीन-चार ठोके मारून मगच थांबलं. ठिणगी पाडणारा प्लग काढून बघितला तर त्याच्या फटीत कार्बनची बारीक तार अडकलेली. हे सगळं एकत्र दिसलं की समजायचं, इंजिनात कार्बन चढलाय.

तो येतो कुठून? टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, आणि ते पेट्रोलइतकं स्वच्छ जळत नाही. उरलेलं हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, घुमटात, त्याखाली वर-खाली फिरणाऱ्या पिस्टनच्या माथ्यावर आणि धूर जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी थर धरून बसतं. तोंड अरुंद झालं की जळका वायू आतच रेंगाळतो, ताज्या मिश्रणाला जागा मिळत नाही आणि पिकअप जातो. वरच्या थरानं आतली जागा कमी होते, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढतं. तो थर तापून निखाऱ्यासारखा होतो आणि ठिणगी नसतानाही पेट्रोल पेटवतो. स्विच बंद केल्यावरचे ते ठोके याचेच.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण हा व्हिडिओ मी त्यासाठीच करतोय. काही वर्षांपूर्वी हेच काम मी एका गॅरेजात करून घेतलं. तिथल्या पोरानं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून पिस्टन आरशासारखा केला आणि मी खूश होऊन घरी आलो. पुढच्या वेळी हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर नांगरल्यासारख्या रेघा होत्या आणि नवा कार्बन नेमका त्याच रेघांमध्ये घट्ट बसलेला होता. पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं, मऊ असतं. लोखंड लावलं की ओरखडा उठणारच. तेव्हापासून मी इथे फक्त लाकूड वापरतो.

(हातात लाकडाची चीप, कॅमेऱ्याजवळ.)

ही बघा. यंत्रमागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या जुन्या धोट्याचं लाकूड आहे. आमच्या भागात एक कारखाना बंद झाला तेव्हा धोटे भंगारात निघाले होते, त्यातला एक मी मागून आणला. वर्षानुवर्षं सूत घासून गुळगुळीत झालेलं, कडक लाकूड. टोकाला पाचरीसारखं तासून घेतलंय. धोटा नसेल तर बांबूची चीप चालते.

आता इंजिन पूर्ण थंड हवं. उन्हातून फिरवून आणलीत आणि लगेच पाना लावलात, असं करू नका. गरम हेडचे नट सोडले तर हेड वाकडं होऊ शकतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, उजवी डिकी उतरवा, प्लग काढा, वरचं पत्र्याचं कव्हर काढा. हेडचे चारही नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडायचे. एकच नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे जायचं नाही.

हेड निघालं. आधी रंग बघा. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय, नाहीतर चोक ओढलेला राहतोय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल जास्त पडतंय, किंवा गाडी कधी पुरती तापतच नाही. आमची तेलकट निघाली, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. घर ते नवी पेठ, नवी पेठ ते घर, एवढीच तिची धाव.

(आवाज थोडा सावकाश.)

इथे एक धोका आहे. ज्या लांब स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, हेड बसतं, त्याच स्टडवर खालचा ब्लॉकही, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो भाग, दाबून धरलेला असतो. हेड काढलं की ब्लॉक मोकळा. अशात किक दाबलीत तर पिस्टनबरोबर ब्लॉक वर उचलला जातो आणि खालचं पातळ पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, फाटतं. म्हणून एका हातानं ब्लॉक घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं किक हळूहळू दाबत पिस्टन अगदी वर आणायचा.

पिस्टन वर आला की त्याच्या कडेनं, ब्लॉकला टेकतो त्या रेषेवर, बोटानं ग्रीसची वाटोळी रेघ ओढा. खरवडलेला चुरा ग्रीसमध्ये अडकतो, पिस्टनच्या कड्यांपर्यंत, म्हणजे रिंगांपर्यंत, उतरत नाही. हा चुरा कडक असतो, बोअरवर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर, रेघोट्या मारतो. आता माथ्यावर थोडं डिझेल लावा. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतं कुठे? अर्धा तास भिजू द्या. मग लाकडाची चीप आडवी धरून सरकवायची, खुपसायची नाही. पहिल्या दहा मिनिटांत काहीच निघत नाही असं वाटेल. मग एकदम पापुद्रे सुटायला लागतात, भाकरी तव्यावरून सुटावी तसे. एखादा डाग राहिला तर राहू द्या. शेवटी चुऱ्यासकट ग्रीस फडक्यानं पुसून घ्या.

हेडच्या घुमटालाही हेच. प्लगच्या आट्यांत मात्र काही खुपसू नका, जुना टूथब्रश पुरे.

सायलेन्सर उतरवला की धुराचं तोंड दिसतं. पिस्टन वरच ठेवा, म्हणजे त्याची भिंत ते तोंड झाकून राहते आणि चुरा आत पडत नाही. बाहेरून लाकडानं साफ करा. खरा पिकअप मला इथेच परत मिळाला, इथे थर जवळजवळ करंगळीएवढा होता.

सायलेन्सर लोखंडी, त्याला कॉस्टिक सोडा चालतो. पण हे नीट ऐका. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, मोकळं अंगण, आणि पोरंबाळं, मांजरं-कुत्री सगळी लांब. आणि पिस्टन किंवा हेड त्या पाण्यात कधीही बुडवू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, वर त्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. हे जमणार नाही असं वाटलं तर सायलेन्सर काढून कारागिराकडे द्या, त्यात कमीपणा नाही. काही जण तो सरळ आगीत जाळतात. मला ते पटत नाही, शेजारी त्या धुरात जगतात.

परत बसवताना हेडचे नट पुन्हा समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. प्लगची फट 0.6 मिलिमीटर ठेवा. पहिल्या किकला डिझेल-ग्रीसचा धूर येईल, घाबरू नका.

आता ऑइल. चेतकला 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली, पाच लिटरला 100. पंपावर आपण म्हणतो, "जरा जास्तच टाका हो, इंजिन मऊ चालतं." ते जास्तीचंच आज मी लाकडानं खरवडत बसलो होतो. म्हणून ही औषधाची मापाची बाटली आता डिकीतच ठेवली आहे.

(प्लग बसवून, डिकी लावून.)

येत्या रविवारी हिला पुन्हा तुळजापूरला नेतो. पुरती तापू दे एकदा. परत आलो की प्लग काढून बघणार. टोक विटकरी-तपकिरी दिसलं तर मिश्रण बरोबर आहे. काळंच राहिलं तर पुढच्या रविवारी कार्बोरेटर उघडतो, तेही तुमच्यासमोरच.