बारा व्होल्ट खरे, पण अँपिअर किती?

[दृश्य: महात्मा गांधी रोड, संध्याकाळ. फळीवर अडॅप्टरचा ढीग, वायरी एकमेकींत गुंतलेल्या.]

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरचं हे दुरुस्तीचं दुकान. दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. इंदिरानगरच्या काकूंनी पिशवीतून वायफायचा राउटर काढलाय. सकाळी नीट चालतो, रात्री सगळे घरी आले की बंद पडतो आणि आपोआप सुरू होतो. इंटरनेटवाल्याशी भांडून झालंय.

कारागीर राउटर हातातही घेत नाही. "काकू, अडॅप्टर आणलाय का?"

[क्लोजअप: दोन्ही लेबलं.]

राउटरवर छापलंय १२ व्होल्ट, १.५ अँपिअर, म्हणजे त्याला लागणारा करंट. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर, म्हणजे तो जास्तीत जास्त देऊ शकेल तेवढा करंट. मूळचा जळाला, म्हणून कपाटातला दुसरा लावला. पिन बसली, दिवा लागला, काम झालं!

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला तर चक्क १२ व्होल्ट. भलेभले इथेच फसतात. मोकळ्या अडॅप्टरवर भारच नसतो, तेव्हा तो १२ दाखवणारच. रात्री चार-पाच मोबाइल जोडले जातात, राउटर जास्त करंट मागतो, अडॅप्टरला ते झेपत नाही. व्होल्टेज खाली येतं, राउटर बंद. बंद पडला की भार उतरतो, व्होल्टेज पुन्हा चढतं, राउटर पुन्हा चालू. रात्रभर हाच खेळ.

मग ५ अँपिअरचा लावला तर जळेल? हा प्रश्न इथे रोज येतो. नाही जळणार. आचाऱ्यानं शंभर पानांचा स्वयंपाक केला म्हणून पाहुण्याला शंभर जणांचं जेवावं लागत नाही. राउटर लागेल तेवढाच करंट घेईल.

व्होल्टेजला मात्र ही मोकळीक नाही. ते अडॅप्टरच ठरवतो. ९ व्होल्टच्या वस्तूला लॅपटॉपचे १९ दिले, तर आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगतो किंवा आयसी, म्हणजे चिप, जाते.

[दृश्य: तळहातावर दोन गोल पिना.]

आणि या पिना! बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर. आतलं भोक एकीचं २.१, दुसरीचं २.५. मोठ्या भोकाची पिन उपकरणातल्या बारीक खुंटीवर ढिली बसते, वायर हलली की वीज जाते. त्याहून वाईट म्हणजे उलटी पिन. बहुतेक उपकरणांत मधला भाग प्लस असतो, पण गिटारच्या पेडलांत आणि वाजवायच्या काही जुन्या कीबोर्डांत तो मायनस. लेबलवरचं ठिपक्याचं चित्र त्यासाठीच असतं. ते इतकं बारीक छापतात की कारागीरही भिंग घेतो.

[दृश्य: कारागीर ढिगातून अडॅप्टर निवडतो.]

१२ व्होल्ट, २ अँपिअर, मध्ये प्लस. राउटरचे दिवे लागतात. काकू जुना अडॅप्टर पिशवीत टाकायला जातात, तो कारागीर थांबवतो. पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं लिहितो: 'राउटरला नाही'.