सुई वेळेवर लागली तर

(दृश्य : यवतमाळ जिल्हा, ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी. बाकावर बसलेले रुग्ण, हातात प्लास्टिकच्या पिशवीतल्या फायली.)

विदर्भातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात शुगरच्या ओपीडीत थोडा वेळ बसा. हे वाक्य कानावर येतंच : "डॉक्टर, सुई नका लावू जी. पाह्यजे तर गोयी वाढवून द्या."

इन्सुलिनच्या सुईची ही भीती टोचण्याची नाही. पायात मोडलेला काटा बाभळीच्याच काट्याने काढणारी ही माणसं आहेत. भीती आहे डोळ्यांनी पाहिलेल्याची. शेजारच्याला सुई लागली आणि दोन महिन्यांत त्याचा पाय कापला. गावाच्या लक्षात तेवढंच राहिलं.

आता तीच गोष्ट सुरुवातीपासून बघा. तूर कापून झाली होती. शेतात धसकटं उभी होती. एक धसकट तळपायात घुसलं, पण त्याला कळलंच नाही. अनेक वर्षं चढलेल्या साखरेने पायाच्या नसा आधीच बधिर केल्या होत्या. जखम चिघळली, पाय काळा पडला, मग दवाखाना. साखर ४००च्या वर. जखम आटोक्यात आणायची तर आधी साखर उतरायला हवी, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. तोवर पाय हातचा गेला होता. पाय गेला तो उशिरामुळे, आणि आळ आला सुईवर.

असे आळ पुसायला वर्षं लागतात. म्हणून आधी इन्सुलिन काय करतं ते सांगू.

स्वादुपिंड आपल्या शरीरात रोज इन्सुलिन तयार करतं. प्रौढांना होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे टाइप २ मध्ये, सुरुवातीला ते अंगी लागत नाही आणि पुढे वर्षागणिक कमी पडत जातं. गोळ्या बऱ्याच काळ निभावून नेतात. पण स्वादुपिंडच थकलं की गोळी वाढवून उपयोग नसतो. वजन घटतंय, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतंय, साखर ३००च्या वरच राहतेय, तर कमी पडलेलं इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं. यात रुग्णाचा काही गुन्हा नाही, आणि ही शेवटची पायरीही नाही. एखादं ऑपरेशन, मोठा जंतुसंसर्ग किंवा गरोदरपण असेल तेवढ्यापुरतं इन्सुलिन दिलं जातं आणि नंतर पुष्कळजण पुन्हा गोळ्यांवर येतात. 'एकदा लागली की सुटत नाही' हे सरसकट खरं नाही.

(दृश्य : इन्सुलिनची बाटली, अगदी जवळून.)

ही बाटली बघा. दहा मिलीची, आत ४०० युनिट. १९२२च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह, झालेलं मूल उपासमारीच्या पथ्यावर ठेवायचं आणि त्याचा शेवट बघायचा, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. ज्यांनी ते शोधलं त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले. हे औषध सगळ्यांचं असावं म्हणून. त्या सगळ्यांत यवतमाळच्या घाटंजी, आर्णी, मारेगावची माणसंही येतात. आज सरकारी आरोग्य व्यवस्थेच्या आवश्यक औषधांच्या यादीत इन्सुलिन आहे. पण बाटली हातात पडली की उपचार झाला असं होत नाही. खरं काम घरी सुरू होतं.

(दृश्य : उपकेंद्र. समुदाय आरोग्य अधिकारी आणि पन्नाशीच्या एक शेतमजूर बाई.)

"मावशी, बाटली जोरात हलवायची नाही. अशी दोन्ही तळव्यांत घोळवायची."

"किती वेळ, ताई?"

"दहा वेळा मोजा. सगळं सारखं पांढरं दिसलं पाह्यजे. गुठळी दिसली, काचेला कण चिकटलेले दिसले, तर ती बाटली वापरायची नाही."

हे तीस-सत्तर आहे, लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण. न घोळवता ओढलं तर एका दिवशी एक भाग जास्त जातो, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि साखर का हलते हे कोणालाच उमगत नाही.

आता सिरिंज. टोपण लाल आहे. एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, एका मिलीत १०० युनिट असलेल्या औषधाला नारिंगी टोपणाची. दुकानात दोन्ही मिळतात, आणि लांबून सारख्याच दिसतात. १०० युनिटचं औषध लाल सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. एवढ्यात माणूस बेशुद्ध पडू शकतो. आम्हाला वाटतं, सुईची भीती घालवण्याआधी प्रत्येक घरात ही एक गोष्ट पोचली पाहिजे : टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवून बघा.

मावशी स्वतःच्या हाताने पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचतात. त्यांच्या सूनबाई शेजारी बसून बघतात. उद्या दुसरी जागा, परवा तिसरी. रोज एकाच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ धरते आणि त्या गाठीतून औषध नीट लागत नाही. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तेवढीच मिनिटं कोणाकडे नसतात, आणि चिठ्ठीवर 'इन्सुलिन' एवढं लिहून माणूस घरी पाठवला जातो. हे थांबलं पाहिजे.

(दृश्य : मे महिना. रिकामं शेत, दुपारचं ऊन.)

चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेली बाटली साधारण ३० अंशांखाली चार आठवडे टिकते. पत्र्याच्या घरात तेवढी थंडाई कुठून आणायची? फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणापासून दूर ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी पुन्हा कामाचं नसतं. फ्रीज नसेल तर दोन मडकी घ्या. मोठ्यात लहान, मधल्या फटीत ओली रेती, लहान मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. कूलरच्या गवतातून आलेली हवा कशी गार लागते, हे विदर्भाला सांगायला नको. इथेही तेच घडतं. कोरड्या उन्हाळ्यात मडकं चांगलं काम करतं. पावसाळी दमट हवेत कमी.

चार आठवड्यांची अट गरिबाला फार जड जाते. रात्री फक्त १० युनिट घेणाऱ्याची ४०० युनिटची बाटली चाळीस दिवस पुरते, पण अठ्ठावीस दिवसांनी ती टाकावी लागते. चांगलं दिसणारं औषध फेकायला हात धजत नाही. म्हणून बाटली उघडली ती तारीख चिकटपट्टीवर लिहून तिच्यावरच लावायची.

(दृश्य : कापूस वेचणी.)

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दुपारी भाकरीला बसलं की तेवढा कापूस कमी भरतो, म्हणून बाया जेवण पुढे ढकलतात. सकाळी तीस-सत्तर घेतलेल्या बाईला हे परवडणारं नाही. साखर ७०च्या खाली उतरली की हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, भुकेने जीव कासावीस होतो, बोलणं चुकतं. घाम तर शेतात सगळ्यांनाच येतो, म्हणून सोबतच्या बायांनी थरथर आणि बरळणं ओळखायला हवं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग भाकरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. मावशी पदराच्या गाठीत साखरेची पुडी बांधतात. एकादशीचा उपास असेल तर आदल्या भेटीतच ताईंना विचारतात, मनाने सुई बंद करत नाहीत.

पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीच ध्यानात ठेवायची आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लाल पेशींवर अवलंबून असते. या पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगतात, सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात फार लवकर मरतात. त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघर माहीत आहे. तिथे कागदावरच्या सात टक्क्यांच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन लांबवलं, तर पुन्हा तोच उशीर. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजूनच ठरवायला हवं.

(दृश्य : उपकेंद्र. मावशींची वही.)

वहीत तारीख, उपाशीपोटीची साखर, युनिट. अक्षर नातवाचं. ताई आकडे बघून फोनवर डॉक्टरांशी बोलतात. दोन युनिट वाढवायचे ठरतात. मग मावशींची चप्पल काढायला लावून दोन्ही तळपाय तपासतात, बोटांच्या बेचक्यासकट. वापरलेल्या सुया मावशींनी तेलाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून आणल्या आहेत. ताई ती बाटली ठेवून घेतात आणि पुढच्या महिन्याच्या सिरिंजा मोजून हातात देतात. टोपणं लाल आहेत का, हे मावशी स्वतः बघून घेतात.