जुना घुमारा

नमस्कार श्रोतेहो!

धूम, धू-धूम, थाड! 1963 साली लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत हॅल ब्लेनने हे ठोके वाजवले आणि रॉनेट्स या तिघी गायिकांच्या गटाचं ‘बी माय बेबी’ हे गाणं सुरू झालं. तेव्हापासून हा ठोका थांबलेला नाही. बड्या कंपन्यांच्या वाटेला न जाणाऱ्या, म्हणजे इंडी, गायिकांनी तर तो मनापासून उचलला. डम डम गर्ल्स किंवा व्हिव्हियन गर्ल्स ऐका, साठच्या दशकातलं ते वळण लगेच कानात येतं.

त्या काळचा घुमारा बटण दाबून मिळत नसे. त्यासाठी सिमेंटच्या भिंतींची एक रिकामी खोली असायची. आत एक स्पीकर, एक माइक. गाणं स्पीकरमधून सोडायचं, भिंतींवर आपटून परतलेला आवाज माइकने टिपायचा आणि मूळ आवाजात कालवायचा. टेपचीही एक खोड असते: आवाज जोरात भरला की फीत तो दाबते, त्याची धार बोथट करते. कानाला ते उबदार लागतं. म्हणून तर गायिका क्लेरोने 2024 चा ‘चार्म’ हा अल्बम टेपवर ध्वनिमुद्रित केला.

पेहरावाचं मला फारसं कौतुक नाही. गायिका एंजल ओल्सनचा चंदेरी केसांचा टोप, गायिका सेंट व्हिन्सेंटचा सोनेरी टोप... दिसतात झकास, पण चर्चा तिथेच अडकते. सेंट व्हिन्सेंटच्या 2021 च्या, सत्तरच्या दशकाच्या बाजाच्या अल्बमवर सहनिर्माती म्हणूनही तिचंच नाव आहे, हे मला टोपापेक्षा मोठं वाटतं.

कारण रॉनेट्सच्या हाती काय होतं? 1963 च्या करारापोटी तिघींना मिळून जेमतेम 15,000 डॉलर उचल मिळाली. पुढे त्या कोर्टात गेल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने सांगितलं, ध्वनिमुद्रणं निर्मात्याच्या मालकीची, ती चित्रपटांना द्यायचा हक्कही त्याचाच.

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊस काही इंडी नव्हे, पण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. केसांचा तो उंच मनोरा आणि डोळ्यांतलं जाड काजळ तिने रॉनेट्सच्या रॉनी स्पेक्टरकडून घेतलं. 2011 मध्ये एमी गेली. त्याच वर्षी, वयाच्या अडुसष्टीत असलेल्या रॉनीने एमीचं ‘बॅक टू ब्लॅक’ आपल्या आवाजात गायलं.