उत्तर माहीत नसलेला प्रश्न आणि प्रायोजकाचे पैसे

उपस्थित शिक्षक, पालक आणि प्रायोजक संस्थांचे प्रतिनिधीहो,

शालेय विद्यार्थ्यांसाठी सुट्टीत भरणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यक्रमांचा विषय निघाला की किती विद्यार्थी आले, कोणत्या प्रयोगशाळा दाखवल्या आणि समारोपाला कोण पाहुणे होते, एवढ्यावरच आपली चर्चा बहुधा संपते. मला आज त्याहून अडचणीचा प्रश्न घ्यायचा आहे. खर्च दुसऱ्या कोणीतरी उचलल्यामुळे काही आठवडे मोकळे मिळालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना तिथे नेमके काय मिळायला हवे? माझ्या मते दोनच गोष्टी: ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही असा एक प्रश्न, आणि त्या प्रश्नाशी झुंजताना शेजारी बसायला वेळ असलेला एक जाणकार. बाकी सारी व्यवस्था या दोहोंसाठी असते आणि प्रायोजकाचा पैसाही याच दोहोंवर खर्च व्हायला हवा.

या परंपरेचा उगम सांगताना सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचा हवाला दिला जातो. तो बऱ्याच अंशी खरा आहे, कारण त्यानंतर अमेरिकेने विज्ञानशिक्षणासाठी सरकारी निधी मोठ्या प्रमाणावर खुला केला. मात्र तिथलेच गणिताचे प्राध्यापक अर्नोल्ड रॉस यांचा शालेय मुलांसाठीचा गणिताचा उन्हाळी वर्ग त्याच वर्षी, स्पुटनिकच्या काही महिने आधीच, सुरू झाला होता; सगळेच श्रेय त्या उपग्रहाला देण्याचे कारण नाही. रॉस यांच्या वर्गात मुलांपुढे संख्यासिद्धांतातील, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांविषयीची, साधी दिसणारी विधाने ठेवली जात. मुलांनी ती सिद्ध करावीत किंवा खोडून काढावीत, आणि खोडली गेली तर त्यांतले काय वाचवता येते ते पाहावे, अशी अपेक्षा असे. हा तिसरा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, कारण शाळेच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागाच नसते.

१९५९ साली कॅलिफोर्नियातील ओहाय येथे ‘समर सायन्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्याच्या खगोलशास्त्राच्या अभ्यासक्रमाकडे मी जरा सविस्तर पाहणार आहे, कारण चांगला प्रश्न कसा असतो हे त्यातून स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला एक लघुग्रह दिला जातो आणि स्वतः घेतलेल्या निरीक्षणांवरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढायला सांगितले जाते. दुर्बिणीतून घेतलेल्या प्रतिमेत लघुग्रह इतर ताऱ्यांसारखाच एक ठिपका असतो. काही वेळाने घेतलेल्या दुसऱ्या प्रतिमेत तो किंचित सरकलेला दिसतो, तेव्हा कुठे त्याची ओळख पटते. मग आजूबाजूच्या ज्ञात ताऱ्यांच्या आधाराने त्याची आकाशातील जागा मोजायची. ढगांनी सवड दिली तर वेगवेगळ्या रात्री अशी किमान तीन निरीक्षणे मिळवायची आणि त्यांवरून कक्षेचे सहा घटक, म्हणजे तिचा आकार, कल आणि लघुग्रहाची तिच्यावरील जागा ठरवणाऱ्या सहा संख्या, काढायचे. ही पद्धत मुळात जर्मन गणिती गाउसची. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील खगोलशास्त्रज्ञ पियात्सीला सापडलेला सेरेस हा लघुग्रह काही आठवड्यांतच सूर्याच्या तेजात हरवला. तेव्हा अवघ्या चोवीस वर्षांच्या गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे दिसेल हे गणिताने सांगितले, आणि वर्षअखेरीस तो त्या ठिकाणाजवळ सापडला.

यावर कोणी म्हणेल की विद्यार्थ्यांना दिलेल्या लघुग्रहाची कक्षा बहुधा आधीच माहीत असते, मग यात नवे काय? कक्षा माहीत असेलही. पण त्या रात्री, त्या क्षणी तो नेमका कुठे होता याचे मोजमाप त्या विद्यार्थ्यांनीच केलेले असते. ही मोजमापे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडे पाठवली जातात आणि पुढच्या संशोधकांना उपयोगी पडतात. काम खरे आहे हे मुलांना यातून कळते. शिवाय काम खरे असले की चूकही खरी असते. लघुग्रह मिनिटाला दोन विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) या गतीने सरकत असेल आणि संगणकाचे घड्याळ अर्धा मिनिट चुकलेले असेल, तर त्याच्या जागेत एका विकलेचा फरक पडतो, आणि गणित कितीही निर्दोष असले तरी कक्षा बिघडते. अशी चूक शोधण्यात दोन दिवस गेले तर ते वाया गेले असे मी मानत नाही. किंबहुना कार्यक्रमाचे वेळापत्रक असे दोन दिवस घालवू देत नसेल, तर दोष वेळापत्रकाचा आहे.

आता पैशाकडे वळू. अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ या उन्हाळी कार्यक्रमात निवडलेल्या विद्यार्थ्यांकडून शिकवणी, निवास किंवा भोजन यांचे शुल्क घेतले जात नाही, प्रत्येक विद्यार्थी काही आठवडे एखाद्या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली एकाच प्रश्नावर काम करतो. इस्रोने २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या ‘युविका’ कार्यक्रमात प्रवासखर्चही संस्थाच करते आणि ग्रामीण भागातील शाळांच्या विद्यार्थ्यांना निवडीत वाढीव गुण मिळतात. हा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. शुल्क माफ केल्याने दार उघडते, पण अर्जातच पूर्वी केलेल्या संशोधनाचा तपशील मागितला, तर ज्याच्या घरी किंवा शाळेत तशी सोय होती तोच आत येतो. सुट्टीत काम करून घरी चार पैसे देणाऱ्या मुलाला तर विनाशुल्क कार्यक्रमही महागच पडतो. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार करून छोटे विद्यावेतन देणारा प्रायोजक मला अधिक समंजस वाटतो.

अशा कार्यक्रमांचा खरोखर उपयोग होतो का, हे विचारायलाच हवे. माजी विद्यार्थ्यांच्या यशाची यादी हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. मुळात हुशार आणि जिद्दी मुलेच निवडल्यावर ती पुढेही चमकणारच. अमेरिकेतील एका अभ्यासात मात्र ही अडचण टाळण्यात आली. २०२२ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात, विज्ञान-तंत्रज्ञानात कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजगटांतील पात्र अर्जदारांपैकी कोणाला जागा द्यायची हे यदृच्छेने ठरवले गेले होते, आणि जागा मिळालेल्यांमध्ये पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. ही मुले अधिक चांगल्या विद्यापीठांत गेली, हे त्यामागचे एक कारण होते. तेव्हा प्रवेशासाठी याचा फायदा होतो का, असे विचारणाऱ्या पालकांना मी आता हसत नाही. कोणते महाविद्यालय आपल्या आवाक्यात आहे, हे ज्या घरात कोणालाच माहीत नसते तिथे तो प्रश्न अगदी योग्य आहे.

प्रायोजकांना मात्र दोन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्या लागतील. पहिली अशी की शेवटच्या दिवशीच्या प्रदर्शनावर फार जोर दिला की मार्गदर्शक आपोआप न फसणारे प्रकल्प निवडू लागतात. कंपनीचाच तयार संच जोडून दिवा लावला की छायाचित्र उत्तम येते, पण प्रश्न संचाबरोबरच सुटलेला आलेला असतो. दुसरी गोष्ट मार्गदर्शकांच्या संख्येची. तीस मुलांमागे एक मार्गदर्शक असेल तर तो वर्गच होतो, मग उपकरणे कितीही महाग असोत. निधी अपुरा असेल तर कार्यक्रम छोटा करावा, जुन्या दुर्बिणीवर भागवावे, टोप्या आणि पिशव्या छापू नयेत. पण मार्गदर्शकांच्या मानधनाला हात लावू नये. संशोधन करणारी तरुण मंडळी हे काम आवडीने करतात म्हणून ते फुकट करून घेण्याची सवय आपल्याकडे वाढते आहे, आणि ती मला अजिबात पसंत नाही.

राहता राहिला कार्यक्रम संपल्यानंतरचा काळ, ज्यासाठी अंदाजपत्रकात बहुधा एकही ओळ नसते. विद्यार्थी शाळेत परततो तेव्हा त्याचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो, आणि ज्या संगणकावर त्याची मोजमापे आहेत तिथला त्याचा प्रवेश बंद झालेला असतो. तो प्रवेश वर्षभर चालू ठेवायला फारसा खर्च येत नाही. मार्गदर्शकाला पुढील काही महिने, महिन्यातून एखादा तास, त्या गटाशी बोलण्याचे मानधन देणेही जड नाही. विद्यार्थ्याच्या शाळेतील एका शिक्षकाला शेवटच्या आठवड्यात बोलावून घेतले, तर परतल्यावर त्याचे काम समजणारे कोणीतरी तिथे असेल. पुढच्या वर्षीचा प्रस्ताव तयार करताना या तीन बाबी समारोप समारंभाच्या खर्चाच्या आधी लिहाव्यात, एवढी माझी आयोजकांना सूचना आहे.