क्रॅक गेलाय हे ठीक, पण तो पुढं किती जाणार? भट्टीच्या लायनिंगची गोष्ट

नमस्कार मंडळी! शिरोली असू दे नाहीतर गोकुळ शिरगाव, कोल्हापुरात फौंड्रीत काम करणाऱ्याला लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, किती महत्त्वाचं ते सांगायला नको. इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या कॉइलनं मेटल तापवणाऱ्या भट्टीत, आत 1400 डिग्रीच्या वर वितळलेलं बीड, बाहेर पाणी खेळवलेली तांब्याची कॉइल, आणि मधे फक्त सिलिकाची भिंत. मेटल त्या पाण्यापर्यंत पोचलं तर स्फोट होऊ शकतो, त्यामुळं क्रॅक दिसला की जीव खालीवर होणारच.

पण क्रॅक पडणं वेगळं आणि पसरणं वेगळं, आणि माझ्या मते खरा अभ्यास पसरण्याचाच करायला पाहिजे.

1921 मध्ये ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरनं काचेवरच्या कामातून दाखवलं की क्रॅक पुढं सरकायला ऊर्जा लागते, आणि ती त्या ताणलेल्या मटेरियलमध्येच साठलेली असते. आता बघा, भट्टीची उष्णता सोसणारी (रिफ्रॅक्टरी) वीट जेवढी ताकदीची तेवढा जास्त ताण ती फुटायच्या आधी सोसते, म्हणजे ऊर्जाही जास्त साठते, आणि मग एकदा का फुटली की क्रॅक थेट आरपार! हॅसलमन नावाच्या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात हे नीट मांडलं. म्हणून रिफ्रॅक्टरी वीट मुद्दाम जाडसर दाण्यांची करतात, काही दाणे तर कित्येक मिलिमीटरचे. क्रॅक दाण्याला वळसा घालतो, फाटे फुटतात, दोन्ही बाजू एकमेकींत अडकून राहतात, आणि असं करत करत त्याची ऊर्जा संपते.

हे मोजायचं कसं? विटेच्या तुकड्याला वरून खाच पाडायची, त्यात पाचर बसवायची आणि मशीननं अगदी सावकाश दाबत जायचं. लोड किती आणि खाच किती उघडली याचा ग्राफ निघतो. दाट, बारीक दाण्याच्या सिरॅमिकचा ग्राफ टोकाला जाऊन एकदम खाली कोसळतो, चांगल्या रिफ्रॅक्टरीचा मात्र लांब शेपटीसारखा हळूहळू उतरतो. त्या ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे क्रॅक पुढं न्यायला किती कष्ट पडले त्याचा हिशेब. तुकड्यावर बारीक काळे-पांढरे ठिपके मारून कॅमेरा लावला तर डोळ्याला दिसत नाही असा क्रॅकही कुठनं चाललाय ते कॉम्प्युटरवर कळतं, आणि मला हे बघायला लई आवडतं.

आता आपल्या लायनिंगकडं या. सिंटरिंग, म्हणजे तापवून दाणे एकमेकांना चिकटवणं, झालं तरी फक्त आतली बाजू कडक होते, कॉइलकडचं रॅमिंग मास (ठासून भरलेली सिलिकाची पावडर) सुटंच राहतं, आणि ते तसंच राहायला पाहिजे, कारण सुट्ट्या पावडरीत क्रॅक जाऊच शकत नाही. ती बाजूही कडक झाली की समजायचं, भिंत खाऊन पातळ झालीय.

पहिल्या सिंटरिंगला 573 डिग्रीला सिलिकातला क्वार्ट्झ एकदम फुगतो, तिथं घाई नको. आणि भट्टी रात्रभर थंड राहिली की आतली बाजू आकसून क्रॅक उघडतात, सकाळी सुरुवातीलाच फुल पॉवर देऊ नका, मेटल पातळ व्हायच्या आधी लायनिंगला फुगून ते क्रॅक मिटवायला वेळ द्या.