खाचेत नक्की काय आहे?

स्क्रीनवर हे जे फिरतंय ते एचएलए-ए२. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींवर असली एचएलए प्रोटीन्स असतात (लाल रक्तपेशी सोडा), ए२ हा त्यातला एक प्रकार. खाली बीटा शीटचे (प्रोटीनच्या साखळीची सपाट चादर) आठ पट्टे, वर दोन हेलिक्स (तीच साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली), आणि मधे ही खाच, दोन बांधांमधून पाट जावा तशी. इथे मुद्दाम थांबलोय, नीट बघून घ्या.

आज हे एका क्लिकवर फिरतं, पण १९८७ पर्यंत ते कसं दिसतं कुणालाच माहीत नव्हतं. १९७४ मध्ये कॅनबेरात झिंकरनागेल आणि डोहर्टींनी उंदरांवर दाखवलं होतं की टी-सेलला, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला, ओळख पटायला नुसता व्हायरस पुरत नाही, पेशीवरचं असलं स्वतःचं प्रोटीनही लागतं. का लागतं, टी-सेलवर त्यासाठी दोन रिसेप्टर (ओळख पटवणारी प्रोटीन्स) असतात की एकच, यावर वर्षानुवर्षं नुसते वाद.

हार्वर्डमध्ये जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या लॅबचा रस्ता असा, की माणसाच्या पेशी ढिगाने वाढवायच्या, पपेनने, म्हणजे पपईतल्याच त्या एन्झाइमने, वरचं प्रोटीन कापून काढायचं, शुद्ध करायचं. पुढे त्याचे क्रिस्टल करून एक्स-रेने आकार काढायचा, ते हार्वर्डमधल्याच डॉन वायलींकडे, आणि तिथे हे काम अंगावर घेतलं पॅमेला ब्योर्कमन या पीएचडीच्या विद्यार्थिनीने. थेंबात चमकतायत ते क्रिस्टल (हे आत्ताच्या एका लॅबमधलं शूट आहे, तेव्हाचं फुटेज मिळालं नाही). १९८४ ला पीएचडी झाली, स्ट्रक्चर सुटलं नव्हतं, मग त्या पोस्टडॉक म्हणून तिथेच राहिल्या. आज कुठली ग्रँट एवढी कळ काढेल?

ऑक्टोबर १९८७, नेचर. रेझोल्यूशन ३.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आजच्या मानाने अंधुकच. पण खाचेत काहीतरी होतं, आणि ते या प्रोटीनचं नव्हतंच. ते होते पेप्टाइड, दुसऱ्या प्रोटीन्सचे छोटे तुकडे, सगळी सरमिसळ, म्हणून आकार धड दिसेना. आणि हे लाल ठिपके बघा, माणसागणिक बदलणारी अमिनो ॲसिड्स, बहुतेक सगळी या खाचेतच. म्हणजे टी-सेलचा एकच रिसेप्टर खाचेच्या कडा आणि तुकडा दोन्ही एकदमच वाचतो, वादाचं उत्तर समोरच.

बोनमॅरोसाठी मॅचिंग, कॅन्सरच्या पेप्टाइड लशी, सगळं या खाचेशीच येऊन थांबतं. १९९६ चं नोबेल झिंकरनागेल-डोहर्टींना मिळालं, रास्तच, स्ट्रक्चरवाल्यांना मात्र नाही.