वर्षातून दोनदा कात्री

(पहाट. बागेत अजून धुकं आहे.)

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. नाशिकजवळच्या गंगापूर धरणावरून येणारं वारं अंगाला झोंबतंय. स्वेटरवर ओढणी गुंडाळलेल्या बायका वाइनच्या द्राक्षांचे घड खुडून क्रेट भरताहेत. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण तापलेला मणी वाइनरीच्या वाटेवरच आंबायला लागतो.

वाइन करणारे जुने देश ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यातले. नाशिक २० अंशांवर. तरी इथं हे जमतं, त्यातलं थोडं श्रेय उंचीला. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर.

आणि बरंचसं सह्याद्रीला. इगतपुरीला पाऊस ३००० मिलिमीटरच्या पुढे; तिथून दोनेक तासांवरचं निफाड मात्र पाच-सहाशेवर भागवतं. वेलीला असंच कोरडं हवामान मानवतं. प्यायला पाणी घाटमाथ्याचंच मिळतं. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या खोऱ्यांतल्या धरणांतून ते ठिबकच्या नळीपर्यंत येतं. वाइनच्या बागेला जमीन हलकी, मुरमाड, उताराची बरी. भारी काळ्या जमिनीत वेल माजते. पानं भरपूर येतात, मण्यात दम नसतो.

(काडीवर चालणारी कात्री, जवळून.)

खरी गंमत या कात्रीत आहे. फ्रान्समध्ये थंडी पडली की वेल पानं गाळून झोपते. इथली झोपतच नाही. तिचं वर्ष माणसानं ठरवायचं. एप्रिलात खरड छाटणी. भर उन्हात नवी काडी फुटते आणि तिच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या मिटलेल्या कळीत, बाहेरून काहीच दिसत नसताना, घडाचा अंकुर धरतो. त्याला इथं सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. शेतकरी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. मग पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. डोळ्यांना पेस्ट लावून जागं करायचं, आणि चार-साडेचार महिन्यांनी माल हातात.

पाऊस सरला तर, अर्थात. २०१९ साली तो नोव्हेंबरातही रेंगाळला आणि कोवळ्या फुटीवर डाऊनी ही बुरशी पसरली. कित्येकांचा हंगाम तिथंच संपला.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत असतो. तो पाचाखाली गेला की खायची द्राक्षं पिकवणारा धास्तावतो, मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतो. वाइनवाल्याला मात्र गार रात्री हव्याच असतात. उबदार रात्री वेल मण्यातला आंबटपणा जाळून टाकते. गारव्यात तो टिकतो. आंबटपणा नसलेली वाइन म्हणजे मीठ विसरलेली आमटी.

(तळहातावर दोन मणी.)

हा लांबट, हिरवा, बिनबियांचा थॉमसन. नाशिकचं द्राक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हेच. आणि हा वाइनचा शिराझ, जेमतेम करवंदाएवढा. चावून बघा. साल जाड, बिया कडक, जीभ आखडते. पण साखर थॉमसनपेक्षा जास्त, बावीस-चोवीस ब्रिक्स; ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून मणी लहान हवा. रस कमी, साल जास्त.

१९९७मध्ये राजीव सामंत यांनी इथं शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जाती लावल्या. त्यांच्या सुला वाइनरीची पहिली बाटली २०००ची. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. शेनिन इथं रुजली, कारण उष्णतेतही ती आंबटपणा सोडत नाही. शिराझनंही उन्हाशी जमवून घेतलं. झिनफँडेल आली, व्हिओनिए आली. तरी जिल्ह्यातल्या एकूण द्राक्षांत वाइनचा वाटा आजही थोडाच.

पांढऱ्या जाती आधी उरकतात. लाल वाइनची कॅबर्ने सोविन्यों रेंगाळते पार मार्चपर्यंत, आणि तोवर पारा पस्तिशीपार. साखर रोज चढते, आंबटपणा रोज उतरतो. आज तोडायचं की परवा? मीटर आकडा सांगतं, तरी जाणता माणूस मणी तोंडात टाकतोच. बी दाताखाली फोडतो. हिरवी, कडवट लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरली, तर बायकांना निरोप जातो: उद्या पहाटे.